जपूनबाईंच्या लाल चौकटी

दवाखान्यात एक कुजबुज उठली आणि तळघरातून जिना चढत चढत थेट तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणींपर्यंत जाऊन पोचली. औषधवाल्या बाईंचं आणि मोठ्या सर्जनचं जमलंय! या वयात! दोघांची मिळून शंभरी केव्हाच उलटली होती. रोज दुपारी दोघं औषधांच्या कोठारामागच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात, आत भरलेले दोन कप चहा जातात आणि बऱ्याच वेळाने दोन रिकामे कप बाहेर येतात. चादरी गोळा करणाऱ्या मावशींनी तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सर्जन म्हणत होते, "आता तरी माझं ऐका." आणि बाई म्हणत होत्या, "एवढं एक राहू द्या हो." मावशींना तेवढं पुरलं. मावशी याच्या निम्म्या सामग्रीवर लग्न लावून, पाहुण्यांना जेवू घालून मोकळ्या व्हायच्या.

खरं काय नि खोटं काय ते कळेलच, पण आधी बाई कशा होत्या ते ऐका.

बाई तळघरातलं औषधांचं दुकान सांभाळायच्या. दुकान म्हणायची पद्धत, पण गिऱ्हाईक तिथे येत नसे. वर डॉक्टरांनी औषध लिहिलं की ते खाली बाईंकडे यायचं, बाई तपासायच्या, मंजूर करायच्या आणि ट्रे भरून वॉर्डात पाठवायच्या. तब्येतीने सडपातळ, आवाजाने मात्र भरघोस. त्यांना सगळे जपूनबाई म्हणायचे, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्याच शब्दावर येऊन टेकायचं. "ट्रे नेताय? जपून हं." "जिना ओला आहे, जपून." जिना कोरडा असला तरी, "कोरडा दिसतोय, पण जपून." एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी लग्न ठरल्याचे पेढे वाटले. बाईंनी अभिनंदन केलं आणि त्याच दमात म्हणाल्या, "जपून हं." नवरामुलगा घरी जाऊन दोन दिवस विचार करत होता म्हणतात.

घरी त्यांचे यजमान होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. स्वभावाने इतके शांत, की त्यांच्या खुर्चीवर कुणी चुकून बसलं तरी ते उठायला सांगत नसत, शेजारी उभं राहून पेपर वाचत. बाई सकाळपासून सुरू व्हायच्या. गॅस जपून, दाढी जपून, गच्चीचं दार जपून. मास्तर प्रत्येकाला "हं" म्हणायचे. किती गुणी नवरा, सगळं ऐकतो, असं बाईंना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

तर अशा या बाईंच्या हाती दवाखान्याने नवा कॉम्प्युटर दिला.

म्हणजे कॉम्प्युटर सगळ्यांनाच मिळाला. डॉक्टरांनी कागदावर लिहिणं बंद. पडद्यावर औषध निवडायचं, आणि ते त्या रोग्याला चालणारं नसेल तर कॉम्प्युटर लाल चौकट दाखवून अडवणार. एका औषधाचं दुसऱ्याशी वैर असेल, मात्रा जास्त होत असेल, पूर्वी त्या औषधाने त्रास झाला असेल, तर लगेच लाल. कल्पना अगदी सोन्यासारखी. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या कुठल्या गोष्टीला लाल चौकट दाखवायची ते कुणी ठरवायचं? बैठकीत व्यवस्थापकांनी विचारलं. गळ्यात कायम टाय असायचा म्हणून त्यांना टायसाहेब म्हणत. विचारल्याबरोबर सगळे डॉक्टर आपापल्या बुटांकडे बघायला लागले. बाईंनी हात वर केला.

कंपनीने सूचनांची भलीमोठी यादी दिली होती. प्रत्येक सूचनेपुढे एक चौकोन. हवी असेल तर खूण करा, नको असेल तर कोरा ठेवा. बाईंनी एकही चौकोन कोरा ठेवला नाही. प्रयत्न केला होता, नाही असं नाही. पण कोरा चौकोन दिसला की त्यांना त्यात कुणीतरी उताणं पडलेलं दिसायचं.

मग सुरू झाला तो खेळ. ग्लुकोजचं सलाईन लिहिलं की लाल चौकट: यात साखर आहे. मलम लिहिलं की लाल चौकट: पोटात घेऊ नये. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेन्शनर आजोबांना गोळी लिहिली की लाल चौकट: रुग्ण गरोदर नसल्याची खात्री करा. ऑपरेशनच्या खोलीत, भूल देऊन आडव्या केलेल्या माणसाच्या उशाशी लाल चौकट: औषध लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. प्रत्येक चौकटीच्या खाली "पुढे जा" असं बटण आणि बटणाच्या वर एक रकाना: पुढे जाण्याचं कारण लिहा.

कारणं काय विचारता! बहुतेक डॉक्टर नुसतं एक टिंब द्यायचे. मोठे सर्जन मात्र लिहायचे. त्यांना दवाखान्यात तोफखाना म्हणत, कारण ते बोलले की खिडकीची तावदानं हलायची. रकान्यात त्यांनी लिहिलेली कारणं खाली बाईंच्या पडद्यावर उमटायची. "कारण मी सांगतो म्हणून." "हे कालच विचारलं होतं." "आजोबा गरोदर नाहीत, शब्द देतो." "जेवू द्या."

बाई रागावल्या नाहीत. त्यांना उलट बरंच वाटलं. निदान वाचतायत तरी.

पण दोनेक महिन्यांत तोफखान्याची कारणंही संपली. तेही टिंबावर आले. मग वॉर्डात नुसता आवाज यायचा, टक, टक, टक. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बोलत असायचे आणि त्यांचं बोट आपल्या मनाने बटण दाबत असायचं.

पुढच्या बैठकीत तोफ डागली गेली. "हा कॉम्प्युटर आहे की माझी सासू?" सर्जन गरजले. "काही करायला गेलं की मधे! एका रोग्याचं औषध लिहीपर्यंत दुसरा बरा होऊन घरी जातो!"

टायसाहेबांनी टाय सरळ केला. "डॉक्टरांची गैरसोय होत असेल तर कंपनीने एक सोय दिली आहे. सगळ्या सूचना एकाच बटणाने बंद करता येतात. या महिनाअखेरीला बंद करून टाकू."

"सगळ्या?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अहो, त्यात काही खऱ्याखुऱ्या आहेत. एखाद्या दिवशी एखाद्याच्या जिवावर..."

"मग तेव्हा डॉक्टर बघतील ना!" टायसाहेब म्हणाले, आणि बैठक चहावर विसर्जित झाली.

बाई खाली आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. सगळ्या चौकटी बंद झाल्या तर जी एखादी खरी आहे तीही मुकी होणार, आणि कुणीतरी पलंगावरचं माणूस त्यात जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. महिना संपायला फार दिवस नव्हते.

आणि त्याच आठवड्यात सलूनवाले काका दाखल झाले.

सलूनवाले काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. सगळं आयुष्य लोकांच्या मानेमागे उभं राहून बोलण्यात गेलेलं. त्यामुळे पलंगावर पडल्यावरही तोंड थांबेना. पहिल्या दिवशीच त्यांनी वॉर्डाला स्वतःचं, भावाचं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचं चरित्र ऐकवलं. त्या ओघात, मला पेनिसिलिन चालत नाही, एकदा घेतलं तर तोंड भोपळ्याएवढं सुजून श्वास कोंडला होता, हेही त्यांनी सांगितलं होतं. भरती करून घेणाऱ्या सिस्टरने ते कॉम्प्युटरमध्ये घातलंही होतं. पण पुढे काका मेव्हण्याच्या टकलाकडे वळले, आणि ऐकणारे पांगले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जननी नेहमीचं इंजेक्शन लिहिलं. ते पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. लाल चौकटी आल्या, एकीमागून एक, रांगेने. टक, टक, टक. औषध खाली आलं. खालीही चौकटी आल्या. टक, टक, टक. ट्रे वर गेला.

वॉर्डातली सिस्टर सुई भरत होती. काका बोलत होते. सिस्टर "हो का", "अगंबाई" असं मधेमधे टाकत होती, लक्ष कुठे असणार! काकांची गोष्ट भरात आली होती आणि अचानक थांबली. वाक्याच्या मधोमध थांबली. त्यांची नजर ट्रेमधल्या रिकाम्या कुपीवरच्या नावावर गेली होती.

वॉर्ड एकदम शांत झाला. एवढी शांतता तिथे काका आल्यापासून नव्हती. सिस्टरला ती शांतताच टोचली. तिने मान वर केली.

"काका? काय झालं? गप्प का झालात?"

काकांनी नुसतं बोट दाखवलं. मोठ्या मुश्किलीने दोन शब्द फुटले. "तेच... हे."

सुई खाली ठेवली गेली. दुसरं औषध आलं, ऑपरेशन झालं, आणि संध्याकाळी काकांची गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली. पण टायसाहेबांना आयतं निमित्त मिळालं. "बघा! एवढ्या चौकटी असून चुकलंच की. मग ठेवायच्या कशाला?"

बाईंना सकाळचा स्वतःचा अंगठा आठवत होता. चौकटी त्यांच्याकडेही आल्या होत्या. त्या वेळी त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "काचेच्या बाटल्या आहेत, जपून आणा." आणि अंगठा बटणावर टक, टक, टक.

बाई घरी गेल्या. मास्तरांसमोर चहाचा कप ठेवला आणि त्यांच्याकडे टक लावून बघत बसल्या. मनात काय आलं कोण जाणे, नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "अहो, चहात भांड्यांचा साबण पडलाय."

"हं," मास्तर पेपरातून म्हणाले. "जपून पितो."

आणि एक घोट घेतला.

बाईंना आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम आलं. मास्तरांनी पेपर खाली केला. "काय गं, काय झालं?"

"मी काय म्हणाले आत्ता?"

मास्तर गोंधळले. वर्गात फळ्याकडे बोलावलेल्या पोरासारखं तोंड करून म्हणाले, "जपून... असं काहीतरी."

"किती वर्षं चाललंय हे?"

"काय?"

"न ऐकणं."

मास्तर खरं बोलणारा माणूस. "सुरुवातीला ऐकायचो गं," ते म्हणाले. "लग्नानंतर बराच काळ ऐकत होतो. मग एकदा गच्चीच्या दाराचं नाही ऐकलं, काही झालं नाही. गॅसचं नाही ऐकलं, काही झालं नाही. मग कुठलं ऐकायचं नि कुठलं नाही, ते कळेनासं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोफखाना तळघरात उतरला. पावलांच्या आवाजावरूनच मदतनीस बाजूला झाले. सर्जन दारात उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरने..."

"मी दाबलं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"चौकट आली होती. न वाचता मी दाबलं. कॉम्प्युटरचा दोष नाही. आणि त्यात एवढ्या चौकटी भरल्या, त्याही मीच."

सर्जनच्या छातीतला श्वास तसाच अडकला. आत दारूगोळा भरलेला, आणि समोर भिंतच नाही! ते स्टूल ओढून बसले. बराच वेळ टेबलावरच्या मोजमापाच्या पेल्याशी खेळत राहिले.

"मीही दाबलं," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका हळू, की तावदानंसुद्धा चकित झाली असतील. "मला वाटलं, आलं असेल काहीतरी साखरेचं."

"महिनाअखेरीला सगळंच बंद करणार आहेत ते."

"करू देत की. कटकट तरी..." सर्जन थांबले. सलूनवाले काका त्यांच्याही डोळ्यांपुढे असावेत. "पुढच्या वेळी रोगी गप्प बसणारा निघाला तर?"

"म्हणूनच म्हणते. सगळ्या बंद नको. कमी करू. पण माझ्याने होत नाही हो, मी एकही खोडू शकत नाही. तुम्हाला सगळ्याच खोडायच्या आहेत. तुम्ही बसाल माझ्याबरोबर?"

तर असं ते दुपारचं बसणं सुरू झालं. मागच्या खोलीत, कारण पुढे टेबलभर ट्रे मांडलेले. दार लोटून, कारण सर्जनचा आवाज. चहा, कारण दोघांनाही त्याशिवाय भांडता येत नसे.

भांडण म्हणजे अगदी बाजारातली घासाघीस. सर्जन म्हणायचे, "मलमाचं काढा." बाई म्हणायच्या, "आणि खाल्लं कुणी?" "वॉर्डात सिस्टर लावते हो मलम! चमच्याने भरवते का?" बाई डोळे मिटून खूण पुसायच्या; दात काढून घेताना माणूस करतो तसा चेहरा करून. साखरेचं गेलं. आजोबांच्या गरोदरपणाचं गेलं, ते मात्र बाईंनी स्वतःहून आणि जरा लाजून काढलं. लहान मुलांच्या हाती लागण्याच्या सूचनेवर दोन दुपारी खर्च झाल्या. "आता तरी माझं ऐका," सर्जन म्हणाले. "एवढं एक राहू द्या हो," बाई म्हणाल्या. आणि दाराबाहेर चादरींचं गाठोडं घेऊन मावशी थांबल्या.

गंमत पुढेच झाली. रक्त पातळ करणाऱ्या औषधापाशी आल्यावर बाईंनी धीर करून खोडरबर उचलल्यासारखा हात पुढे केला, आणि सर्जन ओरडले, "ते नाही!" दुसऱ्या एका गोळीपाशी पुन्हा, "त्याला हात लावू नका. पाहिलंय मी काय होतं ते." तोफखान्यालाही भीती वाटायच्या जागा होत्या. बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हीपण जपूनच की!" त्यावर सर्जन हसले. चांगले खदाखदा हसले. तो आवाज दवाखान्यात आजवर कुणी ऐकलेला नव्हता. आधी कुजबुज जी काही होती ती होती. त्या हसण्यानंतर तिला पाय फुटले.

कुजबुज मास्तरांपर्यंत गेली. कुणी नेली ते सांगायला नको. तिच्या हातात चादरी होत्या. मावशी वाटेत भेटल्या आणि सहानुभूतीने म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही देवमाणूस. तुमच्या कानावर आलंच असेल."

"नाही बुवा. काय?"

मावशींनी कानावर घातलं. मास्तर विचारात पडले. "तरीच," ते म्हणाले.

मावशींच्या अंगावर काटा आला. "तरीच काय?"

"घरी हल्ली बोलत नाही ती. सकाळपासून दोनदा बोलते, फार तर तीनदा. परवा म्हणाली, शेगडीची नळी भेगाळलीय. एवढंच म्हणाली, आणि गप्प. मला राहवेना. उठून बघितलं, तर खरंच भेगाळली होती."

मावशींना यात काही रस वाटला नाही. त्या दुसऱ्या गल्लीला वळल्या.

महिनाअखेर उजाडली. टायसाहेब स्वतः वॉर्डात आले आणि खुर्ची ओढून सर्जनच्या कॉम्प्युटरशेजारी बसले. बाईंना वर बोलावलं होतं. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सर्जननी आग्रह धरल्यावर ठरलं असं होतं, की सकाळभर बघायचं. सूचनांचा उपयोग दिसला तर ठेवायच्या, नाहीतर दुपारी बटण दाबून सगळंच बंद.

सर्जननी औषधं लिहायला सुरुवात केली. पहिला रोगी. पडदा शांत. दुसरा. शांत. ग्लुकोज लिहिलं, तरी शांत. निवासी डॉक्टरीणबाई पुढे येऊन म्हणाल्या, "सर, वायर निघालीय का बघू?"

टायसाहेब घड्याळाकडे बघायला लागले. "बाई, तुम्ही तर आधीच बंद केलेलं दिसतंय. मग मी दाबतो तेवढं शेवटचं, औपचारिक."

बाईंना सगळ्या खोडलेल्या चौकटी आठवल्या. एखादी तरी खोटीनाटी ठेवली असती, असं वाटून गेलं. तोंडातून "अहो जरा..." निघालं, पण पुढचं त्यांनी दातांनी धरून ठेवलं. सर्जन लिहीतच होते. पाय मोडलेल्या एका ट्रकचालकाचं दुखणं फार होतं, म्हणून त्यांनी वेदनाशामक इंजेक्शन निवडलं.

पडदा लाल झाला.

सर्जनचा हात हवेत थांबला. निवासी डॉक्टरीणबाई वाकल्या, सिस्टर हातातलं टाकून आली, टायसाहेबांनी टाय मागे टाकून मान पुढे केली. पलीकडच्या पलंगावरच्या माणसानेसुद्धा विचारलं, "काय आलं, काय आलं?" सर्जननी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. हे इंजेक्शन दिल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका."

"गोळी?" सर्जन ट्रकचालकाकडे वळले. "कसली गोळी घेता तुम्ही?"

"हृदयाची आहे साहेब. कालच भरती होताना सिस्टरना सांगितली. घरूनच आणलीय, पिशवीत आहे."

सर्जननी इंजेक्शन खोडलं आणि दुसरं लिहिलं. टायसाहेब उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे मग."

बाई जिन्याने खाली निघाल्या. सर्जन मागून दारात आले आणि गरजले, "बाई! पायरी ओली आहे!"

बाईंनी खाली बघितलं. खरंच ओली होती. त्यांनी कठडा धरला.

आता त्या कुजबुजीबद्दल. बंद खोलीत ती दोघं कॉम्प्युटरच्या सूचना कमी करत होती. त्या यादीतल्या बहुतेक त्यांनी काढल्या आणि थोड्या ठेवल्या. दुसरं काही नव्हतं.